धार: अस्सल नेवासा कोयता

५ ऑक्टोबर, शनिवार

आज नगरला वर्कशॉप. विषय: सोशल मीडियावर ब्रँड कसा उभा करायचा. निकिता मॅडम फार छान बोलतात. मुद्दा एकच: ऑथेंटिक रहा, जसे आहात तसे दिसा, लोकांना खोटेपणा लगेच कळतो. मी हात वर करून सांगितलं की मी लहानपणापासूनच ऑथेंटिक आहे. सगळे हसले. लोक माझ्याशी पटकन कनेक्ट होतात, ही जमेची बाजू.

नेवाशाला परत येताना एसटीत नाव सुचलं. धार! दुकानातल्या ऊसतोडीच्या प्रत्येक कोयत्यावर हेच ठोकून घ्यायचं. 'विष्णुपंत शेती अवजारे' पाटीवर राहू दे, बाबांना बरं वाटेल. पण त्यात स्टोरी नाही.

बाबा म्हणाले, "शौनक, ऊसतोडीचा माणूस कोयता हातात तोलून बघतो आणि घेतो. फोनवर काय तोलणार?" बाबांना मार्केट कळत नाही. एवढी वर्षं दुकान चालवलं की असं होतं.

संकल्प: रोज एक रील. फिल्टर नाही. खोटं काही नाही.

८ ऑक्टोबर

पहिला रील. शूटिंगला मेव्हणा अनीश. संगमनेरला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं सुरू व्हायला अवकाश म्हणून बहिणीकडे, म्हणजे भार्गवीकडे, राहायला आलाय. मी पातं, मूठ, तापवून पाणी देणं सगळं शांतपणे समजावून सांगितलं. पाहणारे कमी. भार्गवीच्या शाळेतल्या बाईंनी लाइक दिला, मग काढून घेतला.

भार्गवी म्हणाली, "झोप आली. पण तू तूच वाटलास." बायकोचा फीडबॅक फार मनावर घ्यायचा नसतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा चालू असतानाच कोहळा फोडला. आत कुंकवाचं पाणी भरलं होतं. एकाच घावात दोन तुकडे, पांढरा शर्ट लालभडक. बाबा पूजा अर्धी टाकून आत गेले. रील तुफान चालला! खाली कोणीतरी लिहिलंय, "भाऊ, असंच डोकं फुटायला पायजे."

लोकांना खरेपणा हवा असतो. मॅडम बरोबर होत्या.

१६ ऑक्टोबर

काळा कुर्ता, काळा गॉगल. स्लो मोशनमध्ये कोयता खांद्यावर घेऊन बसस्टँडसमोरून चाललो. डायलॉग माझा: "समोरचा बोलत राहतो, धार चालत राहते." दोन रिक्षावाले बाजूला झाले. रिस्पेक्ट.

भार्गवीने विचारलं, यात ऑथेंटिक काय? पाल दिसली की तू माझ्या मागे उभा राहतोस. मी म्हटलं, ऑथेंटिक म्हणजे आतला माणूस बाहेर काढणं. पाल हा वेगळा विषय आहे.

२० ऑक्टोबर

आज लाइव्ह. नारळ हातावर धरून फोडायचा होता. नारळ फुटला नाही. अंगठा फुटला. रक्त फरशीवर, वजनकाट्यावर, अनीशच्या बुटांवर. अनीश कॅमेरा टाकून धावत आला. त्याला नंतर समजावलं की प्रोफेशनल माणूस फ्रेम सोडत नाही. तो म्हणाला, "भावजी, हाड दिसत होतं."

डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? मी म्हटलं, "धार." त्यांनी टाके घातले आणि टिटॅनसचं इंजेक्शन दिलं. ब्रँडबद्दल काही विचारलं नाही.

२४ ऑक्टोबर

गिऱ्हाइकांचं वय उतरलंय. आज समर्थ नावाचा मुलगा आला. केस छान कापलेले, हातात कडं. कोयता उचलून त्याने विचारलं, "भाऊ, शर्टाच्या आत पाठीला मावल का?" वस्तू नीट ठेवण्याची काळजी करणारी पिढी आता दिसत नाही. त्याच्यासोबत सेल्फी काढला.

बाबा कानात म्हणाले, "हा उसाचा माणूस नाही." मी म्हटलं, सेगमेंट वाढतोय.

तेवढ्यात रतनबाई आल्या. दर हंगामाला टोळीसाठी कोयते आमच्याकडूनच नेतात. माझा शॉट चालू होता म्हणून थांबायला सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आवं, कवाधरनं उभी हाय. कोयता द्या न्हाईतर न्हाई म्हना. आन त्यो डोळ्यावरचा गॉगल काढा, मानूस वळखू यीना." आणि समोरच्या दुकानात गेल्या. जुनं गिऱ्हाईक बदलाला घाबरतं.

२८ ऑक्टोबर

कमेंट्स इतक्या, की प्रत्येकाला वेगळं उत्तर शक्य नाही. एकच उत्तर तयार करून सगळ्यांना चिकटवतो: "नक्की वापरा, एका घावात काम, आणि आम्हाला टॅग करायला विसरू नका!"

समर्थ आणि मागच्या गल्लीतला बजरंग यांची माझ्या रीलखाली जोरदार चर्चा सुरू आहे. बजरंग म्हणतो, समर्थचा हात तोडणार. समर्थ म्हणतो, बजरंगची मान. दोघांनाही उत्तर दिलं. एंगेजमेंट म्हणतात ती हीच.

भार्गवीने रात्री हे सगळं वाचलं. म्हणाली, "शौनक, ही मुलं खरंच बोलतायत." मी म्हटलं, तेच तर. खरं बोलतायत.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

भार्गवीने अनीशला ओवाळलं. ओवाळताना डोक्यात आयडिया आली. समर्थ आणि बजरंग दोघांना दुकानात बोलवायचं, हात मिळवायला लावायचा, दोघांच्या हातात एकेक कोयता. कॅप्शन: 'वैर संपतं, धार राहते.' समाजकार्यही होईल. अनीशला घरी जायचं होतं, मी दोन दिवस थांबवून घेतलं. म्हटलं, हा रील तुझ्याशिवाय होणार नाही.

दोघांनाही मेसेज टाकला. दोघेही लगेच 'येतो' म्हणाले. संवाद साधला की प्रश्न सुटतात.

५ नोव्हेंबर

 

दुपारी समर्थ आला, मागे चार-पाच जण. मग बजरंग, त्याच्या मागे आणखी. मी म्हटलं, या, उन्हात नको, आत या. लाइट लावला. अनीश मधोमध उभा, कॅमेरा डोळ्याला. मी दोघांच्या हातात कोयते दिले. मीच दिले.

बजरंग हसला आणि समर्थच्या बहिणीबद्दल काहीतरी बोलला. पुढचं फार पटकन झालं. काचेचं कपाट फुटलं. एकाच्या डोक्यात वजनाचं माप बसलं, तो दारात आडवा. फावडी, खुरपी, साखळ्या, जे भिंतीवर होतं ते सगळं हातात आलं. कुणाच्या तरी तोंडातून दात उडून माझ्या कुर्त्यावर पडला. मी काउंटरखालून लो अँगल घेत होतो. म्हणजे फोन वर होता. मी खाली होतो.

समर्थने घाव बजरंगवर घातला. बजरंग वाकला. मागे अनीश होता. कॅमेरा धरलेला हात त्याने तोंडासमोर आडवा घेतला.

बाबा आतून काठी घेऊन आले आणि ओरडले, "अरे, माझ्या मुलाला मारलंत रे!" अनीशला मुलगा म्हणाले. मुलं पळाली. बाबांनी धोतराचा सोगा फाडून अनीशचा हात बांधला. बांधता बांधता एकदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "बाहेर ये."

६ नोव्हेंबर

अनीशला संगमनेरला हलवलंय. उजवा हात. दोन बोटं गेली, मनगट जोडलंय, पुढचं सांगता येत नाही म्हणतात. डॉक्टर म्हणाले, पातं हाडात खोल शिरलं होतं. क्षणभर मनात आलं, स्टील चांगलं आहे. आलं ते लिहिलं. ऑथेंटिक राहायचं ठरलंय.

बाहेर कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. पात्यावर 'धार' स्वच्छ वाचता येतं. फॉलोअर्सचा आकडा एका रात्रीत कुठल्या कुठे चढला. मी फोन उलटा ठेवला. मग सरळ केला.

८ नोव्हेंबर

समर्थला पकडलंय. मला पोलीस ठाण्यात बोलावलं. राजेश्वरी मॅडम, इन्स्पेक्टर. त्यांनी माझी कमेंट मोठ्याने वाचली. "'मान तोडणार' असं एकाने लिहिलंय. त्याखाली तुम्ही: 'नक्की वापरा, एका घावात काम.' हे तुम्ही लिहिलंत?"

मी म्हटलं, टीम लिहिते.

"टीममध्ये कोण?"

"मी."

हवालदार हसला. मॅडम हसल्या नाहीत. दुकानातले सगळे कोयते पोत्यात भरून नेले. गुन्ह्यात माझंही नाव आहे.

१० नोव्हेंबर

माफीचा रील करायचा ठरवला. साधा शर्ट, गॉगल नाही, मागे कोरी भिंत. पहिल्या टेकमध्ये रडू आलं, पण फार आलं, चेहरा वाईट दिसत होता. दुसऱ्यात आवाज कापला नाही. तिसऱ्याच्या वेळी भार्गवी दारात होती. कधीपासून, माहीत नाही.

तिने फोन घेतला, अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवला आणि त्यावर कोळसा फोडायचा हातोडा घातला. पहिल्या घावात काच, दुसऱ्यात सगळं. नंतरही घालत राहिली. बाबांनी हातोडा काढून घेतला तेव्हा तिच्या हातातून रक्त येत होतं. मी पुढे गेलो तर म्हणाली, "हात लावू नकोस." बॅग भरून ती संगमनेरला गेली.

 हे कुणी शूट केलं नाही, असं मनात आलंच.

१४ नोव्हेंबर

संगमनेरला गेलो. सासूबाई वॉर्डच्या दारात बसल्या होत्या. म्हटलं, आई, मी शौनक. म्हणाल्या, "ओळखते." आणि उठून आत गेल्या. दार लावून घेतलं नाही, पण बोलावलंही नाही.

बाकावर बसलो. अनीशला काय म्हणायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. कॅप्शन नाही, साधी दोन वाक्यं. स्टुडिओ मी सांभाळीन, तू फक्त बरा हो. पाठ करत होतो.

तेवढ्यात हाताला प्लास्टर घातलेला एक माणूस समोर थांबला. "तुम्ही कोयतेवाले भाऊ ना? तो राडा तुमच्याच दुकानात झाला ना? लई भारी! एक सेल्फी द्या की." त्याने चांगल्या हाताने फोन वर धरला.

मी हसलो. मान जरा तिरकी केली, त्या बाजूने चेहरा बरा दिसतो.

फोटो निघाल्यावर मागे वळलो. दारात अनीश उभा होता, बँडेजचा हात छातीशी बांधलेला. भार्गवीने त्याला दंडाला धरलं होतं. मला भेटायला तो स्वतः उठून बाहेर आला असावा.

दोघांनी पाहिलं होतं.

 भार्गवीने त्याला हळूच वळवलं आणि आत नेलं. मी शेवटची बस पकडली.