उजव्या हाताचा सिग्नल

उरण,
ता. ३ ऑगस्ट १९३४

चि. दत्तात्रेय यास सत्यवतीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी पोचले. इकडे पाऊस, चिखल आणि डास तिघेही खुशाल आहेत आणि मीही. तुझ्या बोटांतली कळ अजून गेली नाही हे वाचून वाईट वाटले. पण तुझ्या त्या शेजारच्या पार्सल-क्लार्ककडून पत्रे लिहून घेणे आता पुरे. एकतीस वर्षे मी मुलींच्या वह्या तपासल्या, असे अक्षर कुठे पाहिले नाही. एकेक अक्षर म्हणजे पिशवीतून सांडलेला बटाटा. रेल्वे अशा माणसांना पार्सलांवर पत्ते लिहू देते, मग पार्सले भलतीकडे जातात यात नवल ते काय?

आता मुद्द्याचे. मी लुटली गेले आहे. विलायतेहून येणाऱ्या त्या खेळातल्या आगगाड्यांच्या मासिकात एका साहेबाने छातीठोकपणे लिहिले होते की रुळांखालच्या खडीसाठी समुद्राची बारीक वाळू सर्वोत्तम. मी मूर्खासारखी किनाऱ्यावरून घमेलेभर वाळू आणली, तीन पाण्यांनी धुतली, वाळवली आणि टेबलावरच्या साऱ्या लाइनीवर खळीने चिकटवली. दिसायला दृष्ट लागण्यासारखी. तीन आठवड्यांत पत्र्याचे रूळ तांबेरले, चाके करकरू लागली, आणि वाळूचे कण कमानीच्या दात्यांत जाऊन किल्लीचे इंजिन पनवेलच्या अलीकडे बसले ते उठेना. त्या साहेबाच्या गावच्या वाळूत मीठ नसते की काय देव जाणे. इथे हवेत मीठ, भिंतीत मीठ, माझ्या जिभेवर तर आहेच असे लोक म्हणतात.

सगळे उपसून काढले. रूळ रॉकेलने पुसले, चुलीच्या राखेने घासले. आता विटेचा चुरा चहाच्या गाळणीतून गाळून घालते आहे. तो जड आहे, उडत नाही, आणि रंगही खऱ्या खडीच्या जवळचा. खळीत चिमूटभर मोरचूद घालते, म्हणजे झुरळे खात नाहीत. तूही घाल, पण नंतर हात धुवून जेवायला बस. आणि इंजिनाला खोबरेल लावायचे नाही, हे तुझे म्हणणे मान्य. थंडीत थिजून दाते लिंपले गेले होते. शिवणाच्या मशीनचे तेल, काडीच्या टोकावर मावेल तेवढेच.

रुळांतले अंतर सव्वा इंच. रुळाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, मध्यापासून नव्हे. सागाचा सव्वा इंची ठोकळा कापून सोबत पाठवते आहे. तो रुळांतून सरकवत जा. कुठे अडला तर तिथे गाडी पडणार, कुठे खुळखुळला तरी पडणार. माझ्या बाजूचा प्रत्येक सांधा मी इतका घासला आहे की गाडी लोण्यावरून जावी तशी जाते, आवाज म्हणून नाही.

काल धर्माजीची बायको सोनूबाई मिठागराच्या बांधावरून कोळंबी घेऊन आली होती. (टेबल धर्माजीनेच केले. आगरात काम नसते तेव्हा तो सुतारकी करतो.) ती कमरेवर हात ठेवून अर्धा तास गाडी बघत राहिली. तिने जन्मात आगगाडी पाहिलेली नाही. मग म्हणाली, "बाय, तुमची गारी फिरून फिरून हितंच येते. मंग जाते कशाला?"

तुझा घाटाचा अर्धा भाग जोडल्याशिवाय माझी गाडी कुठेच जात नाही, हे त्या बाईला कळले.

तेव्हा पुढचे तुकडे लवकर पाठव. आणि दिवाळीच्या सुमारास, सोयीचे असेल तर, दोन्ही भाग जोडताना दोन्ही कारागीर हजर असलेले बरे. तू एकटा आलास तरी चालेल. घरच्या मंडळींना ओढत आणण्याचे कारण नाही. पिठाचे हात रुळांना लागू नयेत एवढेच म्हणते.

तुझी ताई,
सत्यवती

·

उरण,
ता. ९ सप्टेंबर १९३४

चि. दत्तात्रेय यास अनेक आशीर्वाद.

पार्सल सुखरूप पोचले. गोधडीच्या तुकड्यात गुंडाळण्याची कल्पना उत्तम, रुळांखालचा एक स्लीपरसुद्धा हललेला नाही.

मी कुणाची स्तुती सहसा करीत नाही, म्हणून एकदाच लिहिते. हे काम तुझ्या आजवरच्या सगळ्या कामापेक्षा सरस आहे. पाच फूट लाइनीवरून ठोकळा सरकवला, एकदाही अडला नाही. चहाच्या खोक्याच्या फळीचे स्लीपर तू पूर्वी कातरीने तोडल्यासारखे तोडायचास. आता एकेक कडा घासलेली, आणि अंतर असे सारखे की धावदोऱ्याचे टाके घातल्यासारखे वाटते. बोगद्यावरचा डोंगर तर मी दोन वेळा उठून पाहिला. साठीला आल्यावर तुला एवढा धीर कुठून आला?

पण दत्तू, सिग्नल! अरे, तीस वर्षे तू गार्डाच्या डब्यात हिरवे निशाण हलवलेस ना? तिथे बसून झोपा काढल्यास काय? सिग्नलचा हात खांबाच्या डावीकडे असतो. हे मला, शाळामास्तरणीला, ठाऊक आहे. तुझ्या इगतपुरीच्या रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक असेल. तू उजवीकडे लावला आहेस! एक नव्हे, तीनही सिग्नलांना! कंपनीने तुला पेन्शन दिली ती परत मागितली पाहिजे. उद्या मी

पत्र इथे थांबवले होते. आता चार वाजले आहेत, पुन्हा लिहायला बसले आहे.

हात सोडवून डावीकडे लावावा म्हणून सिग्नल उचलला. ओल्या बोटाला तांबडे लागले. तू नेहमी डबीतला विलायती रंग वापरतोस, तो असा सुटत नाही. अकराव्या वर्षापासून माझ्या घरात कुंकवाची डबी नाही, पण ओळखता येऊ नये इतकी काही मी ते विसरलेली नाही. गोंदात कालवलेले कुंकू आहे. आणि शेवटच्या स्लीपरखाली अंगठ्याचा ठसा आहे, हळदीचा.

वहीतला निबंध थोरल्या बहिणीने लिहून दिला असला तर मी पहिल्या ओळीला ओळखत असे. इथे पत्रांतले अक्षर बदलल्यापासून मला पाच महिने लागले.

काम तुझे नाही हे एक वेळ सोडून देते. पण तुझ्यासमोर टेबलावर उजव्या हाताचा सिग्नल उभा असेल आणि तू बोलणार नाहीस, हे होणे नाही. तू रागावला असतास, हसला असतास, निदान खोकला तरी असतास. म्हणजे तो तुला दिसलाच नाही.

दत्तू, तुझ्या डोळ्यांना काय झाले आहे?

तुझ्या बोटांत कळ वगैरे काही नाही. पार्सल-क्लार्कही नाही. मग हे पत्र तुला कोण वाचून दाखवते? याआधीची कोणी वाचून दाखवली?

उलट टपाली लिही. कोणाच्याही हातून लिही.

ताई

·

उरण,
ता. १६ ऑक्टोबर १९३४

चि. सौ. मैना हिस अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. तू माझ्या भावाच्या घरी येऊन बत्तीस वर्षे झाली.

तुझे पत्र आले. काचबिंदू, दोन्ही डोळे, फाल्गुनापासून. मुंबईच्या डॉक्टरने उपाय नाही म्हणून सांगितले. मी ते पत्र हातात घेऊन अंगणात फिरत राहिले. दत्तूवर फार संतापले. डोळे गेले ते गेले, पण माझ्यापासून लपवले! आमच्या बाबांनी त्याला पहिल्यांदा बोरीबंदरला नेले, तेव्हा इंजिनाला भिऊन तो माझ्या परकराआड लपला होता, आणि ते मी कुणाला सांगितले नव्हते. एवढी जुनी गुपिते राखणाऱ्या बहिणीवर एवढाही भरवसा नाही? हे त्याला असेच, ह्याच शब्दांत वाचून दाखव.

तू लिहितेस, "तुमचं सगळं मी त्यांना वाचून दाखवते. गाळत नाही. बटाट्यांचं वाचलं तेव्हा ते फार हसले. मग मीपण हसले." आणि पुढे, "सिग्नलचा हात कुठे असतो ते विचारायचं राहून गेलं. आपण उजव्या हातानंच सगळं करतो म्हणून उजवीकडे लावला." आणि त्याच्याही खाली, अगदी बारीक, "लिहायला यांनी शिकवलं. मुंबईहून परत आलो त्या वर्षी."

ते वर्ष मला ठाऊक आहे.

दत्तू आणि मी बारा वर्षांत त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नाही. दहा वर्षे तर पत्रही नव्हते. मग मी निवृत्त झाले, शाळेच्या ट्रस्टींनी दिलेले घड्याळ देऊन त्या जागी हे कमानीचे इंजिन आणले आणि त्याला एक ओळ लिहिली, "इंजिन वळणावर उलटते, काय करू?" त्याने चार पाने उत्तर पाठवले. वळण दोन फुटांहून आत नको, पुढच्या डब्यात शिशाचा तुकडा ठेव, किल्ली पूर्ण पिळू नकोस. तेव्हापासून आम्ही रुळांखेरीज काही लिहिले नाही. ते मला सोयीचे होते.

माझ्या मुंबईच्या शाळेतला बक्षीस-समारंभाचा दिवस. माझ्या जुन्या कॉन्व्हेंटच्या मदर पाहुण्या म्हणून आल्या होत्या. तू नऊवारी नेसून, लाडवांचा डबा कडेवर घेऊन दारात आलीस आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी हाक मारलीस, "वन्सं!" मदरनी विचारले, ही कोण? मी इंग्रजीत म्हणाले, "माझ्या भावाच्या घरी कामाला असते."

मागे दत्तू उभा होता, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर म्हणाले नसते, पण त्याने मी काही बरी ठरत नाही.

त्याने तुला सांगितले असेल किंवा नसेल. नसेल सांगितले तर मी सांगते आहे. तुलाच हे त्याला मोठ्याने वाचावे लागणार, याची मला आणखी लाज वाटते. तरीही हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. मैना, माझी चूक झाली. हे तीन शब्द लिहायला मला बारा वर्षे लागली. तू बाराखडी त्याहून लवकर शिकलीस.

आता कामाचे लिहिते.

भाऊबीजेला तुम्ही दोघे इकडे यायचे. एकट्याने त्याने येऊ नये. मी ओवाळीन. विधवेने ओवाळू नये असे कुणाला वाटत असेल त्याने तेवढा वेळ अंगणात उभे राहावे. बोरीबंदरला उतरून भाऊच्या धक्क्यावर या, तिथून उरणच्या मोरा बंदराची लाँच. फळीवरून चढताना त्याचा हात तूच धर, खलाशांवर सोडू नकोस. मोऱ्याला धर्माजी येईल. रुळांचे तुकडे गोधडीतच बांध. तुझ्याकडचे जुने इंजिन आणशील तर कमान पूर्ण उतरवून आण, ताणलेली कमान प्रवासात मरते.

मी माझ्या लाइनीत थोडा फरक केला आहे. वर्षभर घासघासून सांधे मुके केले होते. त्याच सांध्यांत आता कानशीने पत्त्याच्या पानाच्या जाडीएवढी फट पाडली आहे. दत्तू एकदा म्हणाला होता की अंधारात गार्डाला गाडी कुठे आहे हे सांध्यांच्या आवाजावरून कळते. आता कर्जत सुटले की बाराव्या टकटकीला पनवेल येते. पुलाखाली रिकामे खोके उपडे ठेवले आहे, तिथे आवाज घुमतो. एकोणिसाव्या टकटकीला उरण. मी डोळ्यांवर पदर बांधून चार वेळा मोजले. तेवढ्यात सोनूबाई दारात, "बाय, आंधली कोशिंबीर एकलीच खेलता काय?" मी तिला गाडी आता कर्जतहून घाटात, भावाच्या लाइनीवर जाणार ते सांगितले. ती म्हणाली, "आता कशी गावाला गेली!"

तुझ्या तुकड्यांतले सांधे उघडू नकोस. इथे आल्यावर त्याच्यासमोर उघडू. कुठे किती फट हवी ते तो ऐकून सांगेल. त्याने सांगायचे आणि तू कापायचेस. मी चुरा गाळीन.

सिग्नलचे हात मी बदललेले नाहीत. माझ्या बाजूचे पाच सिग्नल होते, त्यांचेच हात काढून उजवीकडे लावले. आमच्या उरण लाइनीचा नियम आता तोच आहे. विलायतेच्या त्या साहेबाला तो पसंत पडणार नाही, याचा मला विशेष आनंद होतो.

दोन्ही भागांमधली शेवटची जोडपट्टी मी बसवलेली नाही. ती तू बसव. तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे मी ठोकळा सरकवून पाहिले आहे.

आणि अंगणात शिरलीस की तिथूनच हाक मार. त्या दिवशी मारलीस तेवढ्या मोठ्याने. या खेपेला मी ओ देईन.

तुझी वन्सं,
सत्यवती