लाकडी टेकू

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. फोनवर दर वेळी एकच सांगत आलो, की स्लॅबखालचे टेकू निघाले की लेकीला न्यायला येतो. तिची आई गेल्यापासून ती तुझ्याकडे आहे आणि मी साइटवरच्या या पत्र्याच्या खोलीत.

काँक्रीटच्या तपासणीचा अहवाल केव्हाच आला. स्लॅब उत्तम आहे. तरी मी टेकू काढू दिले नाहीत. आज मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, या लाकडांना पालवी फुटायची वाट बघताय का?" सगळे हसले, मीही हसलो. नंतर एकटाच त्या टेकूंच्या गर्दीत जाऊन उभा राहिलो.

मागच्या फोनवर लेकीनं विचारलं होतं, "बाबा, तुला वेणी घालता येते का?" मी म्हणालो, "स्लॅब अजून कच्चा आहे गं."

ताई, खरं सांगतो. मला काळजी स्लॅबची नव्हती, तिला एकट्यानं वाढवण्याची होती. हे पत्र साइटच्या डायरीतच लिहितोय, पाठवायचा धीर होत नाही. पण तिला आणखी थांबवणं बरोबर नाही.

तुझा धाकटा

उद्या: सकाळी कामाला लागताच मुकादमाला टेकू काढायला सांगणे.