उस्मानला कोणी पकडेना

जेद्दा,
फेब्रुवारी १९९१

आदरणीय सिराजुद्दीनभाई यांना नसरुद्दीनचा सलाम.

तुमचे गुडघे, भाभींचा दमा आणि बर्मिंगहॅमची थंडी ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व खैरियत आहे. (ही ओळ रीत म्हणून लिहिली. अम्मा गेली, युद्ध चालू आहे आणि मी नुकताच कोठडीतून सुटून आलो. बाकी खैरियत आहे.)

तुमचे पत्र मिळाले. अम्मा तुमची खाला, सख्खी मावशी. नोकरीला लागेपर्यंत तुम्ही तिच्याच हातचे जेवलात. तिच्याविषयी तुम्ही चार ओळी लिहिल्यात, त्यांतली एक हवामानाची. पुढची चार पाने मात्र इंग्लंडने मानवी हक्कांच्या करारातून बाहेर पडावे यावर आहेत. करारामुळे कोर्ट मध्ये पडते, कोर्ट मध्ये पडले की चोरवाटेने आलेल्यांना हाकलता येत नाही, आणि हाकलत नाहीत हे कळले की आणखी येतात. करार सोडा, म्हणजे येणारे आपोआप थांबतील, असे तुमचे म्हणणे. शेवटी ‘तुझे मत कळव’ असेही लिहिलेत. मी कमी बोलणारा माणूस आहे. कोणी मत विचारत नाही म्हणून माझे बरे चालले होते. आता विचारलेच आहे तर दुकान भाभींवर सोपवा आणि बसून वाचा.

इथे असला काही करार असल्याचे माझ्या तरी कानावर आलेले नाही. (पत्रे पोस्टात उघडतात म्हणे, म्हणून इथेच लिहितो की राजाला दीर्घायुष्य लाभो.) आमच्यासाठी कोणतेही कोर्ट मध्ये पडत नाही. ज्याच्या नावावर आपण इथे राहतो तो कफील आपला पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवतो. राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, खिशात नसेल तर शिपाई आपल्याला आत ठेवतो. तुमच्या तर्काने इथे चोरवाटेचा एकही माणूस नसायला हवा. पण माझा धाकटा भाऊ उस्मान उमऱ्याच्या यात्रेला म्हणून मक्केला आला आणि तिथेच राहिला. त्याच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसे झोपतात, इकामा एकाकडेही नाही. गेल्या वर्षी इथल्या सरकारचे येमेनशी बिनसले आणि वर्षानुवर्षे इथे दुकाने चालवणारे येमेनी सामान बांधून निघून गेले. कोणी अपील केले नाही, कोणी वकील दिला नाही. याहून चांगला नमुना तुम्हाला कुठे मिळणार? आणि त्यांच्या रिकाम्या भट्टीवर रोटी कोण भाजू लागले? उस्मान! मक्केला रोज सकाळी रोटी लागते, सिराजभाई. ती लागते तोवर भाजणारा येणारच.

आता माझे ऐका. अम्मा गेल्याची तार आली तेव्हा युद्ध सुरू झालेले होते आणि दवाखान्यातल्या सगळ्यांच्या सुट्या रद्द होत्या. मी रक्त तपासतो. लढाई तिकडे उत्तरेला, आमच्याकडे अजून एकही जखमी आलेला नाही, पण सुटी नाही म्हणजे नाही. कफील म्हणाला, “अल्ला तिला जन्नत देवो. उद्या सकाळच्या पाळीला ये.” गावाहून बहीण सकिनाने पोस्टात जाऊन फोन लावला. रडली नाही, ओरडली. “दोन मुलगे असलेल्या बाईचा जनाजा शेजाऱ्यांनी उचलला! चाळिसाव्या दिवसाच्या फातेह्याला तरी एक जण दारात दिसू दे. तोवर मी अम्माच्या कपड्यांना हात लावणार नाही, कुणाला वाटणार नाही.” मी “बरं” म्हणालो. फोन कट झाला.

मला जाता येत नव्हते, म्हणून उस्मानने जायचे ठरले. पण बिनपरवान्याच्या माणसाला इथून तिकीट काढून जाता येत नाही. त्याने आधी पकडले जायचे, मग सरकार त्याला हाकलून देते. परतीची ही एकच वाट आहे आणि सगळे तिनेच जातात. (तुमचे मंत्री हाकलण्यासाठी माणसे शोधतात. इकडे माणसे हाकलणारा शोधतात.) मक्का-जेद्दा रस्त्यावर तपासणी नाका आहे. इतकी वर्षे उस्मान त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता. त्या दिवशी त्याला घेऊन मीच टॅक्सीने त्या नाक्यावर निघालो.

इथे आपल्या लोकांची एक खोड आड आली. उस्मान नवी कोरी सफारी घालून, काळा गॉगल आणि अर्धी बाटली अत्तर लावून आला. हातात खजुराचा डबा. मी म्हणालो, “अरे, तू अटक व्हायला चालला आहेस.” तर म्हणतो, “भाई, अटक इथल्या इथे. गावात उतरायचंय मला. अरबस्तानातून आलेला माणूस मळक्या सदऱ्यात उतरला तर सकिनाच्या सासरचे काय म्हणतील?” मी मात्र अम्मा गेल्यापासून दाढी केली नव्हती, कपडे चुरगळलेले होते, आणि माझा इकामा दवाखान्यातल्या पांढऱ्या कोटाच्या खिशात राहिला होता. तो राहिल्याचे मला नाक्यावर कळले.

शिपायाने उस्मानकडे पाहिले, अत्तराचा वास घेतला आणि अदबीने म्हणाला, “यल्ला, जा.” मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “इकामा?” मी खिसे चाचपले. त्याने मला दंडाला धरून बाहेर काढले. उस्मान मागोमाग उतरला आणि छाती बडवून सांगू लागला, “याला नको, मला धरा! इकामा माझ्याकडे नाही! याच्याकडे आहे!” शिपायाचे डोळे पाणावले. “वल्लाह, असा दोस्त आजकाल कुठे मिळतो,” म्हणत त्याने उस्मानला मिठी मारली आणि पुन्हा टॅक्सीत बसवले. गाडी निघेपर्यंत उस्मान काचेतून ओरडत होता, “मी चोर आहे! मी चोर आहे!”

मला कोठडीत टाकले. तिथे मी तुमच्या वतीने चौकशी केली. इथे येताना तुम्ही कोणकोणते करार वाचले होते, असे एकेकाला विचारले. हैदराबादचा शिंपी जगदीश म्हणाला, तीन बहिणींची लग्ने वाचली होती. एक हबशी म्हातारा हजला आला आणि परत जायला गाव उरले नाही म्हणून राहिला. तिसऱ्याने मलाच विचारले, असा करार कुठे मिळतो?

एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगतो. माझा इकामा दवाखान्यात आहे, हे मी अधिकाऱ्याला सांगितलेच नाही. विचारले तेव्हा गप्प बसलो. गप्प बसणे मला जमते. वाटले, उस्मान नाही तर मी. युद्धामुळे बंद पडलेले मुंबईचे विमान सुरू झाले की ढकलतील, आणि मी चाळिसाव्याला दारात उभा राहीन. इतकी वर्षे कायद्याने राहिलेला माणूस मी, आणि मला हाकलून द्यावे अशी दुआ मागत होतो. पण उस्मानने दवाखान्यात कळवले आणि कफील धावत आला. अम्मा मेल्याचे ऐकून जो खुर्चीतून हलला नव्हता, तो कोट घेऊन स्वतः आला! खिशातून इकामा काढून दाखवला आणि म्हणाला, “हा आमचा आहे.” सकाळच्या पाळीला मी हजर होतो.

तर माझे मत असे: माणूस कशासाठी निघतो आणि त्याला कोण कामावर ठेवतो, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. करार फक्त त्याला पकडल्यानंतरचा असतो. तो सोडला तर येणारा येतच राहील, फक्त मारणाऱ्याचा हात धरणारे कोणी राहणार नाही. तुम्ही त्या बाजूने बोलता याचा मला राग आला आहे. वडीलधारे आहात म्हणून इतकेच लिहितो.

तुमचा धाकटा भाऊ,
नसरुद्दीन

ता. क. उस्मान काल पकडला गेला. भट्टीवर, पिठाने माखलेला, बनियनवर. मी आनंदाने भेटायला गेलो. पण कोठडीच्या अधिकाऱ्याला त्याच्या हातची रोटी आवडली आहे. त्याला मुदपाकखान्यात लावले आहे आणि हाकलायच्या यादीत नाव मागे ठेवले आहे. “हा गेला तर रोटी कोण भाजणार?” असे अधिकारी मला विचारतो.

ता. क. २. हे पत्र मी करारासाठी लिहिले नाही. तुमचा पासपोर्ट तुमच्याच कपाटात आहे आणि तुम्हाला कोणाला विचारायचे नाही. अम्माने तुम्हाला कधी भाचा म्हटले नाही, मुलगाच म्हटले. चाळिसाव्याला तुम्ही जा. मला उत्तर लिहीत बसू नका, सकिनाला तार करा. ती अम्माचे कपडे वाटायला काढून ठेवील.