राखदाणीच्या मागचा रंग

प्रिय मास्तरीणबाई,

शाळेत भूगोल शिकवायचो मी, आणि गल्लीनं मास्तरीण केलं तुला. दुसरी हाक माझ्या तोंडात बसली नाही, म्हणून हीच लिहितो.

पोरीचा फोन तुझ्यासमोरच झाला असेल. लग्नाला भाड्याची गाडी नको, बाबांनी आपल्या जुन्या गाडीतूनच मला न्यायचं, असं तिनं बजावलं. मी बरं म्हणालो. इंजिनाची काही तक्रार नाही. बाहेरचा पत्राही ठीक आहे. आतलं प्लास्टिक मात्र उन्हानं पार गेलं होतं. डॅशबोर्डाखालची पट्टी, दारांच्या हँडलांच्या वाट्या, पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंची झाकणं, समोरच्या कप्प्याचं दार. हात लावला की बोटांना पूड लागायची. लग्नाच्या पांढऱ्या झग्यात बसणार ती. नवे भाग आता कुठे मिळत नाहीत, म्हणून रंगवायचं ठरवलं.

सगळे तुकडे काढून गॅलरीत आणले. साबणानं धुतले, पाणी मारत बारीक पॉलिश पेपरनं घासले, स्पिरिटनं पुसले, प्रायमर मारला. घाई केली नाही. दारावरची मोठी पट्टी काढताना दोन माणसं लागतात. एकानं धरायचं, दुसऱ्यानं क्लिपा सोडवायच्या. मी गुडघा लावला. एक क्लिप तुटली आणि कुठेतरी उडाली. पूर्वी मी गाडीखालून हात पुढे केला की तू न विचारता पाना द्यायचीस, बहुतेक वेळा चुकीचा, आणि वर म्हणायचीस की पाना बरोबर आहे, नटच चुकलाय. परवा मी सवयीनं हात पुढे केला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

मूळ रंग कसा ओळखायचा ते तुला ठाऊक आहे. डॅशबोर्डातली राखदाणी काढली की तिच्यामागे ऊन कधी पोचलेलं नसतं. तो भाग दुकानात नेला. म्हाताऱ्या रंगवाल्यानं तो खिडकीशी धरून बघितला, तपकिरी म्हणाला, मिसळून स्प्रेचा डबा भरून दिला. निम्मं काम झालं आणि डबा संपला. परत गेलो तेव्हा म्हातारा नव्हता, त्याचा जावई होता. त्यानं रंगांचा तक्ता पुढे केला आणि यातला कुठला, असं विचारलं. राखदाणीचा भाग मी घरी विसरलो होतो. मागे चारपाच माणसं उभी होती.

अशा वेळी तू काय करायचीस ते आठवतं ना? बोलायची नाहीस. माझं बोट तक्त्यावरून फिरायचं आणि बरोबर चौकोनावर आलं की माझ्या कोपराला हात लावायचीस. पडद्यांच्या दुकानात, पोरीचं दप्तर घेताना, माझ्या शर्टांच्या वेळी. नकाशासाठीच्या माझ्या रंगीत पेन्सिलींवर ब्लेडनं अक्षरं कोरली होतीस, जंगलाचा ज, डोंगराचा ड. मला हिरवं आणि तपकिरी सारखंच दिसतं, हे शाळेत कुणाला कधी कळलं नाही. पोरीलाही माहीत नाही. बाबांची पसंती म्हणजे बोलायचं काम नाही, असं ती अजून सगळ्यांना सांगते.

मी बोट ठेवलं. छान ठामपणे ठेवलं.

उरलेले तुकडे रंगवले, वाळवले, सगळे जागेवर बसवले. मला तर काम चांगलं वाटलं. कुठे ओघळ नाही, कुठे बुडबुडा नाही. संध्याकाळी आतला दिवा दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन आला. तोच, जो पायरीवर बसून तुझ्याकडे दोनदा चहा मागायचा. सीटवर बसला आणि दारापासून डॅशबोर्डापर्यंत नजर फिरवली त्यानं. मग म्हणाला, “मास्तर, अर्धं तपकिरी, अर्धं हिरवं. धाडस आहे बुवा तुमचं.” मी हसलो. पोरीची आवड, म्हणालो. हल्लीची पिढी, म्हणून त्यानं मान हलवली, दिवा लावून दिला आणि चहा न घेता गेला. मी विचारलाच नव्हता.

तो गेल्यावर मी गाडीत बसून राहिलो. अर्धं म्हणजे कुठलं अर्धं? गॅलरीत सगळे तुकडे शेजारी शेजारी वाळत होते. कुठला आधी रंगवला, कुठला नंतर, ते ध्यानात ठेवलं नव्हतं. ठेवायला हवं, हेच तेव्हा माहीत नव्हतं. प्रत्येक तुकड्यावरून हात फिरवून पाहिला. हाताला सगळे सारखेच लागतात. घरात दुसरं माणूस असतं तर नुसतं ओरडून विचारलं असतं. शेजाऱ्याला बोलावता आलं असतं. पण त्याला आधी सगळं सांगावं लागलं असतं, आणि या वयात ते मला जमेना.

वकिलाच्या खोलीत तू माझं सगळं काढलंस. माझा अबोला, माझा हट्ट, घरापेक्षा गाडीत जास्त वेळ. तुझा भाऊ शेजारी बसून मुद्दे पुरवत होता. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मी खाली बघत वाट पाहत होतो, की आता हे रंगांचं येईल. ते आलं नाही. वकिलानं शेवटी विचारलं, अजून काही? तू नाही म्हणालीस. त्या दिवसाचं मला एवढंच नीट आठवतं. त्याबद्दल मला तुला काही म्हणायचं होतं. म्हटलं नाही. दोन वर्षं झाली.

लग्नाला दोन रविवार उरलेत. तू एकदा ये. गाडीत बस आणि जो तुकडा हिरवा असेल त्यावर खडूनं रेघ मार. पोरीला कारण काय सांगायचं ते तूच ठरव, तुला सुचेल. रेघा मारलेले तुकडे मी घासून पुन्हा रंगवीन, पण रंग वाळायला रात्र जाते, आणि सकाळच्या उजेडात कुणीतरी परत बघायला हवं. म्हणजे एक मुक्काम पडेल. वरच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवून ठेवलं आहे.

अजून तरी तुझाच,
मास्तर