वर्ष-दोन वर्षांत लागणारे पैसे

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट पूर्ण, धंदा कुलपे दुरुस्त करण्याचा व किल्ल्या करून देण्याचा, राहणार ज्या इमारतीत माझे दुकान आहे त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. कोणी माझ्या डोक्यावर बसून ते लिहून घेत नाही. तशी कोणाची टाप नाही, हे गल्लीतले कोणीही सांगेल. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे बिघडले आहे, पण मृत्युपत्राला बुद्धी पुरते असे वकिलांनी सांगितले. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

माझ्यामागे माझी म्हणावी अशी माणसे तीन. एक माझे यजमान, निवृत्त भूगोलशिक्षक, ज्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते आणि आता मीही म्हणते. दुसरा माझा धाकटा भाऊ. तिसरी माझ्या नणंदेची मुलगी, म्हणजे आमची भाची, जी दुकानात माझ्या बरोबरीने काम करते. आम्हाला मूलबाळ नाही. त्याची हळहळ आम्ही वेळच्या वेळी करून घेतली आहे, कोणी नव्याने करू नये.

कलम एक : दुकान. दुकानाची जागा, किल्ली कापायचे मशीन, सगळ्या कानशी, हातोड्या, चिमटे आणि भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्या भाचीला द्याव्यात. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, कारण ती आधीच पुरेशी चढेल आहे. वापरलेली कानस पुसून ठेवावी, गंजलेल्या कुलपात खाद्यतेल घालू नये, आणि गिऱ्हाइकाची जादा किल्ली आपल्याकडे कधीही ठेवू नये. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वर्षातून चार वेळा घराबाहेर अडकतात आणि "एक राहू दे ना तुमच्याकडे" म्हणून गयावया करतात. त्यांचीही ठेवू नये. माझ्या वडिलांनी हा नियम पाळला, मी पाळला, आणि म्हणून लोक आम्हाला घराच्या आत घेतात.

कलम दोन : भाऊ. दुकानातले उंच स्टूल भावाला द्यावे. त्याच स्टुलावर बसून त्याने मला इतकी वर्षे शेअर बाजार शिकवला आहे. "ताई, तुझे पैसे झोपा काढतायत," हे त्याचे आवडते वाक्य. त्याचे पैसे झोपत नाहीत हे खरे आहे. तोही झोपत नाही. बाजार वर असला की तो पेढ्याचा पुडा घेऊन येतो आणि खाली असला की महिना महिना इकडे फिरकत नाही, त्यामुळे मला वर्तमानपत्र वाचायची गरज पडत नाही. एकदा असाच बरेच दिवस आला नाही तेव्हा मीच त्याच्याकडे जाऊन बसले. त्याच्या बायकोने केलेला भात तिघांनी मिळून खाल्ला. माझ्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर दिवसभर तोच बसून होता. स्टुलाबरोबर एक भक्कम पितळी कुलूपही त्याला द्यावे, कुठे लावायचे ते त्याला कळेल.

कलम तीन : फंडातले पैसे. मिळवलेले सगळे इथेच असल्यामुळे नीट सांगते.

मास्तर पन्नाशीला टेकल्यावर एकदा म्हणाले की जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना नद्या आणि डोंगर शिकवले, आता स्वतःची दोन हात माती असावी. तळमजल्यावर घर, पुढे अंगण, एवढेच. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत कुंडी ठेवायलाही खिडकीची कड पुरत नाही. मी तेव्हापासून दुकानातली शिल्लक बाजूला टाकायला लागले. त्याच सुमारास एक नवखा पोरगेला माणूस कपाटाची किल्ली करून घ्यायला आला. फंड विकायचे काम त्याने नुकतेच सुरू केले होते आणि शर्टावर अजून घडी होती. आज त्याचे केस पांढरे झालेत तरी मी त्याला फंडवाला म्हणते. माझी कानस चालू असताना त्याने एकच प्रश्न विचारला.

"काकू, पैसे कधी लागतील?"

मी म्हटले, "वर्ष-दोन वर्षांत. मनासारखं घर दिसलं की लगेच."

मग शेअरांच्या वाटेला जाऊ नका, असे तो म्हणाला. वर्ष-दोन वर्षांत लागणारे पैसे थोड्या मुदतीच्या रोख्यांच्या फंडात ठेवावेत. तो फंड सरकारला आणि भरवशाच्या कंपन्यांना थोड्या काळासाठी कर्ज देतो, परत आले की पुन्हा देतो. वाढ बेताची. व्याजाचे दर चढले तर हातातल्या जुन्या रोख्यांचा भाव उतरतो, पण मुदत जवळ असते म्हणून फार उतरत नाही. बँकेत ठेव ठेवून ती मधेच मोडली तर व्याज कापतात. इथे आज सांगितले की पुढच्या कामाच्या दिवशी पैसे हातात. धोका मुळीच नाही असे तो म्हणाला नाही, कमी आहे असे म्हणाला, आणि तिथेच मला माणूस पटला. हे कुलूप कधीच फुटणार नाही असे सांगणाऱ्या विक्रेत्याला मी दुकानात उभा करत नाही. पुढे एकदा फंडाचा आकडा खरेच खाली आला तेव्हा मी अंगावरच्या एप्रनसकट त्याच्या ऑफिसात जाऊन थडकले. एप्रनच्या खिशात हातोडी होती हे माझ्या ध्यानात नव्हते, त्याच्या होते. त्याने पाणी दिले, थांबा म्हणाला, मी थांबले, आणि महिनाभरात आकडा पूर्ववत झाला.

त्यानंतर आम्ही घरे बघायला लागलो. एका रविवाराआड एक. मी कडीकोयंडे बघायची आणि मास्तर दिशा, वारा, उतार. आणि दर वेळी कुठेतरी माशी शिंकायची. एका घराच्या स्वयंपाकघरात उजेड नाही. एकाच्या नळाला जोर नाही. एकाच्या शेजारचा माणूस व्हायोलिन शिकतो आहे आणि त्याला ते कधीही येणार नाही. खोट काढायचे ते नेहमी मास्तरच. मी मनातून चरफडायची, पण परत येताना आम्ही बाहेर काहीतरी खायचो, बघितलेल्या घरात कोण कुठे झोपले असते यावर भांडायचो, आणि घरी येईपर्यंत माझा राग गेलेला असायचा. असे करता करता वीस वर्षे उलटली. वर्ष-दोन वर्षांसाठी ठेवलेले पैसे फंडातच राहिले.

एक घर मात्र माझ्या मनातून गेले नाही. पाण्याच्या टाकीमागे, दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात अंजिराचे झाड. मास्तर झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. एक पान तोडून बोटाने चाचपले आणि मला हाक मारून म्हणाले, "हे बघ, तुझ्या कानशीसारखं खरखरीत आहे." पान खिशात ठेवले. मग अंगणाकडे बघून म्हणाले की इथे पाणी तुंबत असणार, हे घर नको. त्या आठवड्यात शर्ट धुताना ते पान माझ्या हाती आले. ज्याला घर नको असते तो त्याचे पान खिशात घालून आणत नाही, हे मला कळले, पण का नको म्हणाले ते कळले नाही.

ते कळले यंदा. दवाखान्यातून घरी आल्यावर मी फंडवाल्याकडे कागद नीट करायला गेले होते. गप्पांच्या ओघात त्याच्या तोंडून निघून गेले. मास्तर म्हणे त्याच्याकडे अधूनमधून येऊन विचारायचे, की पैसे असेच राहिले तर नुकसान नाही ना. त्यांनी त्याला सांगितले होते की हिचा जीव दुकानात आहे, दुकानावरून हलवली तर ही वाळून जाईल, पण हे तिला बोलू नकोस, नाहीतर माझ्यासाठी हट्टाने हलेल. त्यांना दुपारी खालून कानशीचा आवाज आला की झोप लागते, असेही म्हणाले होते. म्हणजे वीस वर्षे मी त्यांच्यासाठी घर शोधत होते आणि ते माझ्यासाठी प्रत्येक घर मोडीत काढत होते. मला इतका राग आला की घरी येऊन मी त्यांच्या आवडीची भाजी केली.

आता माझ्यामागचे. डॉक्टरीणबाईंना मी सरळच विचारले होते, आणि त्यांनी सरळ उत्तर दिले. "वर्ष-दोन वर्षं, मावशी. तीही काळजी घेतलीत तर." इमारतीला लिफ्ट नाही. मास्तरांचा गुडघा दुसऱ्या मजल्यावरच कुरकुरायला लागतो. मी नसले तर हा माणूस त्या तीन मजल्यांवर अडकून बसेल, खाली उतरायचा कंटाळा करील, भात आणि दूध यावर दिवस काढील, आणि विचारले तर मजेत आहे म्हणेल. मला स्वतःच्या मरणाची भीती फारशी वाटत नाही. याची वाटते.

म्हणून असे ठरवते. फंडातली सगळी रक्कम मास्तरांना मिळावी, पण ती माझ्यामागे सहा महिन्यांच्या आत तळमजल्यावरचे अंगण असलेले घर घेण्यासाठीच खर्च व्हावी. घर त्यांनी बघावे, पसंती भाचीने ठरवावी. उजेड, नळाचा जोर, उतार, शेजाऱ्याचे व्हायोलिन अशी कोणतीही हरकत चालणार नाही. अंजिराच्या घरातला भाडेकरू नुकताच गेला आहे, हे मला ठाऊक आहे, कारण मालकांनी कुलूप बदलायला मलाच बोलावले होते. त्या घराची प्रथम चौकशी करावी. सहा महिन्यांत घर घेतले नाही तर सगळी रक्कम माझ्या भावाकडे जावी, त्याने ती शेअरांत घालावी, आणि मास्तरांना रोज सकाळी फोन करून भाव सांगावा. मास्तर या शिक्षेला भितील एवढी माझी खात्री आहे.

कलम चार : किरकोळ. माझ्यामागे भाषणे नकोत. दुकान एक दिवस बंद ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उघडावे, लोक किल्ल्या हरवायचे थांबत नाहीत. माझा चष्मा कोणाला लागला तर द्यावा. मास्तरांनी माझ्या साड्या कपाटात कोंबून ठेवू नयेत, भाचीने निवडून घ्याव्यात आणि उरलेल्या वाटून टाकाव्यात.

कलम पाच : नंतर घातलेले. इथवर लिहून झाल्यावर मी कागद मशीनखाली सरकवले होते. मी बँकेत गेले असताना मास्तर चहाचा थर्मास घेऊन खाली उतरले आणि त्यांनी ते वाचले. दुसऱ्याचे मृत्युपत्र वाचू नये एवढी रीत भूगोलाच्या शिक्षकाला माहीत हवी. मी आले तर ते भावाच्या स्टुलावर बसलेले, चष्मा हातात.

म्हणाले, "घर घ्यायचं तर तू असताना घेऊ. तू गेल्यावर मी अंगणात बसून बोलू कोणाशी?"

मी म्हटले, "आणि पाणी तुंबतं त्याचं काय?"

"कुठे तुंबतंय? तोंडाला आलं ते बोललो."

मग दुकानाचे निघाले. दुकान भाची सांभाळेल, आणि मला करमले नाही तर त्यांनी मला रोज दुपारी रिक्षाने इथे आणून सोडायचे, असे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. दुपारच्या झोपेचे काय, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले की एक जुनी कानस घरी घेऊन ये, अंगणात बसून घासत जा. मी रडले. लिहायला हरकत नाही, दोन गिऱ्हाइकांनी पाहिलेच आहे, त्यातल्या एकाची किल्ली मी नंतर चुकीची कापली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मालकांना भेटलो. पैसे काढायला मी फंडवाल्याला सांगितले आणि त्याच्या बोलण्याप्रमाणे पुढच्या कामाच्या दिवशी ते खात्यात आले. वीस वर्षांत हे पहिल्यांदाच करून बघितले. घर आम्हा दोघांच्या नावावर झाले आहे. भावाने किमतीवरून नाक मुरडले आणि मग सामान हलवायला टेम्पो स्वतःच ठरवला. येत्या रविवारी आम्ही राहायला जात आहोत.

म्हणून वरचे कलम तीन आता लागू नाही. वकील म्हणाले कागदावर खाडाखोड नको, तेव्हा ते तसेच राहू द्यावे, वाचणाऱ्याने वाचून सोडून द्यावे. त्याऐवजी असे : घरातला माझा अर्धा हिस्सा मास्तरांचा. माझ्यामागे त्यांनी तिसऱ्या मजल्यावर परत जाऊ नये, आणि अंजिराला पाणी घालताना गुडघ्यावर बसू नये, नळी आणलेली आहे. फंडात थोडे पैसे उरले आहेत, ते माझ्या औषधपाण्यासाठी तिथेच ठेवले आहेत, आणि त्यातून जे उरेल ते भाचीला द्यावे. ते ठेवताना फंडवाल्याने सवयीने विचारले, "काकू, हे कधी लागतील?" आणि मग त्याचे त्यालाच कसेसे झाले. मी त्याला चहा पाजला.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. साक्षीला मी मुद्दाम अशी दोन माणसे घेतली आहेत ज्यांना यातून एक पैसाही मिळणार नाही : फंडवाला आणि डॉक्टरीणबाई. दोघांनीही माझ्यापुढे वर्ष-दोन वर्षांचाच हिशेब धरला होता. पहिल्याच्या वेळी तो वीस वर्षे लांबला. दुसरीच्या वेळीही लांबावा अशी माझी फार इच्छा आहे, पण ती कलम म्हणून घालता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून नुसती लिहून ठेवते.

वरील सर्व मी वाचले आहे, मास्तरांनी माझ्या आधी वाचले आहे, आणि ते मला मान्य आहे.

सही : (कुलूपवाल्या बाई, मास्तरांची पत्नी)

आमच्यादेखत सही झाली, त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीत होत्या व आम्हा दोघांनाही रागावत होत्या :

साक्षीदार पहिले, सही : (फंडवाला)

साक्षीदार दुसऱ्या, सही : (समोरच्या दवाखान्याच्या डॉक्टर)

स्थळ : दुकान, काउंटरवर
तारीख : सामान हलवण्याच्या आदल्या दिवशी, शनिवार