अक्काच्या हातावरचा टिपका

४ जानेवारी
म्या सांगतीय, शर्वरी लिहितीय. नात धाराशिवला इंजिनेरी शिकती, म्हणून माझी बोली दुरुस्त करायची न्हाय. हे बी लिही. हसू नको.
तिला माझ्या आईचं गोंदण मनगटावर काढून घ्यायचंय. आईच्या हातावरचं आमा दोघी बहिणींच्या हातावर तसंच्या तसं उतरवलेलं. पाच ओळी, ओळीत पाच जागा. कुठं टिपका, कुठं मोकळं. माझ्या हातावर भज्यांचं तेल उडालं, नऊ जागा भाजल्या. तिथं काय व्हतं आठवंना.
"आजी, अंदाजानं सांग की."
अंदाजानं मीठ घालत्यात. आई न्हाय.

५ जानेवारी
आईचा नेम आठवला. आडवं मोजा, उभं मोजा, टिपके जोडीनंच. एकटा टिपका रडतो म्हणायची.
शर्वरी उडालीच. म्हणे कॉलेजात हेच चाललंय. मोबाईलचा निरोप वाटंत बिघडतो. धाडतानाच असा नेम लावला की बिघडलेलं पलीकडं भरून काढता येतं. डिकोडिंग.
आई कुठल्या कॉलेजात व्हती?

६ जानेवारी
परातीत मांडलं. टिपक्याला हरभरा, मोकळ्याला ज्वारी, भाजल्या जागी खडा. एका ओळीत खडा एकच, हरभरे तीन. मग खडा उचल, हरभरा ठेव. लगेच उभ्या रांगेत बी खडा एकच उरला. तो सुटला. परत आडवं, परत उभं. पहिल्या फेरीला जे सुटंना ते तिसरीला आपसूक. लई मजा. चहा निवला.

७ जानेवारी
अडलं. चार खडे, चौकोनाच्या चार कोपऱ्यांला. ह्या तिरक्या दोन जागी हरभरे ठेवा, जोडी जमती. त्या तिरक्या दोन जागी ठेवा, तरी जमती. आया दोन झाल्या!
शर्वरी म्हणे, "कॉम्प्युटर बी असाच अडतो. चारातली एक जागा कळली की बाकीच्या तीन सुटत्यात."
ती जागा थोरल्या अक्काच्या हातावर. वाशीला. आमचं बोलणं न्हाय. तिच्या लेकीच्या लग्नात म्या वरण पातळ म्हणलं तवापासून.
पातळच व्हतं.

९ जानेवारी
वाशी. अक्का आत चहा ठेवतीय, म्हणून हळू सांगतीय. शर्वरीनं तिला समदं सांगितलं. अक्कानं मन लावून ऐकलं. हात मातूर पदराखालीच.
"दाखवते की. आधी हिला म्हणावं, वरण कसं व्हतं?"
खोटं बोलले तर खरी आई मिळती. शर्वरे, ह्याला तुझ्या कॉलेजात काय नेम हाय?
कपबशा वाजल्या. अक्का आली...