पाच संदर्भांचं एक वाक्य

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे सगळं खरं लिहायचं.
ऑनलाइन ज्ञानकोशाच्या 'संदर्भ महिना' मोहिमेत नाव नोंदवलं. आपल्या भाषेतले हजारो लेख तिथे बिनसंदर्भाचे पडून आहेत. कोणी लिहिलं, कुठून घेतलं, काही पत्ता नाही. अशा लेखांना एखादं पुस्तक, वर्तमानपत्र, सरकारी अहवाल असा भरवशाचा आधार शोधून जोडायचा. हे काम माझीच वाट बघत होतं. एकोणीस वर्षं ऑफिसात मी मूळ कागद आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवून 'सत्यप्रत' असा शिक्का मारतोय.
संकल्प: रोज पाच लेख, रविवारी दहा. महिनाअखेर दीडशेच्या पुढे.
हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी वॉशिंग मशीनचं वॉरंटी कार्ड शोधा, मग जगाचे संदर्भ शोधा.

२ फेब्रुवारी, सोमवार.
एक लेख. कबुतरांच्या जाती. दीड तास गेला, पण कबुतरांविषयी आता माझ्याशी कोणी वाद घालू नये. राहिलेले चार उद्याच्या पाचात मिळवायचे. उद्या नऊ.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
शून्य. इंटरनेट संथ. उद्या चौदा.

४ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७.
मोहिमेच्या समन्वयकांनी यादी पाठवली. हे गृहस्थ व्यवसायाने दातांचे डॉक्टर आहेत. पेशंट आ करून बसलेला असताना मधल्या वेळात मोबाइलवर लेख तपासतात म्हणे. आमच्या गावासंबंधीचे चाळीस लेख माझ्या वाट्याला आलेत.
सतरा नंबर: आमचं सार्वजनिक ग्रंथालय. एकही संदर्भ नाही.
तो लेख आठ वर्षांपूर्वी मी लिहिलेला आहे.
सतरा सोडून अठरावर गेलो. मग डोकं दुखायला लागलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो. त्या लेखात एक वाक्य आहे. 'महापुराच्या वेळी तत्कालीन ग्रंथपालांनी जिवाची पर्वा न करता एकट्याने नऊशे दुर्मिळ पुस्तके वरच्या मजल्यावर नेऊन वाचवली.'
तत्कालीन ग्रंथपाल म्हणजे आमचे आण्णा. माझे वडील.
पुराच्या दिवशी आण्णा दुपारपासून शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत बसले होते. पाण्याची त्यांना जन्मभर धास्ती. पुस्तकं वर नेली ती ग्रंथालयात झाडलोट करणाऱ्या मावशींनी. चादरीत बांधून, एकटीने, खाली गुडघाभर पाणी असताना. हे मला कसं माहीत? आण्णाच सांगायचे. घरी येईल त्याला सांगायचे. मावशी नसत्या तर मी लगद्याचा ग्रंथपाल झालो असतो, असं म्हणून स्वतःच हसायचे.
आण्णा गेले त्या वर्षी पेपरात त्यांच्याविषयी दोन ओळी आल्या, त्यातही वय चुकलेलं. फार लागलं मनाला. त्याच आठवड्यात मी हा लेख लिहायला बसलो आणि हात घसरला. एकच वाक्य. 'दुर्मिळ' तर अगदी शेवटी सुचलं.
यात फसवणूक नव्हती, माया होती. तरी आज जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
निर्णय पक्का. वाक्य आज काढून टाकणार. अर्ध्या मिनिटाचं काम.

त्याच दिवशी. सकाळी ११.
काढायला गेलो तेवढ्यात डेंटिस्टचा फोन. सतरा नंबर तातडीचा आहे म्हणाले. ग्रंथालयाचे अध्यक्ष, म्हणजे आमच्या शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर, यांनी लेख वाचला. ते भारावून गेले. वाचनकक्षाला आण्णांचं नाव द्यायचं ठरलंय. कार्यक्रम अठ्ठावीस तारखेला. मात्र हेडमास्तर शिस्तीचे, संदर्भाशिवाय पाटी लावणार नाहीत. तेव्हा खात्रीचे पुरावे शोधून जोडायचे, आणि या कामाला माझ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही, असं दोघांचंही मत पडलं.
मी म्हणालो, बघतो.
काढून टाकतो, असं म्हणायचं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार.
मनात म्हटलं, शोधू तर खरं. सापडणार नाहीच. न सापडल्यावर वाक्य आपोआप जाईल, आपल्याला तोंड उघडायला नको.
पाच सापडले.
एक, सहा वर्षांपूर्वीची रविवारची पुरवणी. दोन, ग्रंथालयाची स्मरणिका. तीन, नगरपालिकेची माहितीपुस्तिका. चार, एका प्राध्यापकांचा प्रबंध. पाच, शाळेच्या प्रश्नमंजूषेचं पुस्तक. सगळीकडे शब्द न् शब्द माझा. पुरवणीने माझ्याकडून उचललं, बाकीच्यांनी पुरवणीतून. 'जिवाची पर्वा' सगळ्यांना आवडलेली दिसते. प्रबंधात पुस्तकांची नऊशेची बाराशे झालीत.
पाच ठिकाणी छापलंय. एक तर पीएच.डी. झालेला माणूस आहे. मी एकटा 'नाही' म्हणणारा कोण? आण्णांना गंमत करायची सवय होती. कदाचित वाफेची गोष्टच त्यांनी विनयाने रचली असेल.
पाचही जोडले. प्रबंधाचा आकडा जुळत नव्हता, म्हणून 'नऊशेहून अधिक' केलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
डेंटिस्टनी मोहिमेच्या ग्रुपवर माझं नाव घेऊन लिहिलं की संदर्भ द्यावेत तर असे. बावीस जणांचे पसंतीचे अंगठे आले. मी सगळे मोजले आणि मग मोबाइल पालथा ठेवला.

११ फेब्रुवारी, बुधवार.
ताईचा फोन. थोरली बहीण, परगावी असते. तिच्यापर्यंतही बातमी गेली. तिने विचारलं, आण्णांनी जन्मात कधी पाण्याची बादली तरी उचलली होती का रे? मी म्हणालो, पाच संदर्भ आहेत. ती म्हणाली, संदर्भ घाल चुलीत, मीच त्यांच्यासाठी वाफेचं पाणी तापवत होते. आणि मावशी अजून आहेत की नाहीत, एवढं तरी विचारलंस का?
मावशी आहेत. ग्रंथालयाच्या मागे दोन गल्ल्या सोडून लेकीकडे राहतात. मी गेली आठ वर्षं पलीकडच्या रस्त्याने जातो. तो रस्ता सावलीचा आहे.
उद्या हेडमास्तरांना सगळं सांगणार. ताईला शब्द दिलाय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
ऑफिसात काम फार.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
हेडमास्तरांकडे गेलो. दारातच त्यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुला सातवीत वर्गाबाहेर उभं करायचो, पण बाप देवमाणूस होता. मग पाटीचा मजकूर पुढे केला, म्हणाले, एकदा नजर घाल. आता समोर मजकूर आल्यावर नजर घालणं आलंच. एक स्वल्पविराम जास्त होता, तो काढला. बाकी मजकूर निर्दोष होता.
ताईचे तीन मिस्ड कॉल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. ऑफिसात, लंच.
युक्ती सुचली. लॉग-इन न करता वाक्य काढायचं. कोणी काढलं ते कळणार नाही, आणि सत्याचा विजय होईल.
१.१२ वाजता काढलं. इतकं हलकं आठ वर्षांत वाटलं नव्हतं. डबा पहिल्यांदाच पूर्ण संपवला.
१.१६ वाजता वाक्य परत जागेवर. अनामिक सदस्याच्या, म्हणजे माझ्या, पानावर ताकीद: 'संदर्भ असलेला मजकूर कारण न देता काढणे हा उत्पात समजला जातो.'
१.२० ला डेंटिस्टचा फोन. कोणीतरी नालायक तुमच्या वडिलांच्या वाक्याला हात लावतोय म्हणाले. काय मिळतं हो अशा माणसांना? मी म्हणालो, अशी माणसं वाया गेलेलीच असतात. हे मी मनापासून म्हणालो.
लेखावर नजर ठेवायची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.
पुरवणीत तो लेख लिहिणाऱ्या वार्ताहराला फोन केला. आता ते उपसंपादक झालेत. म्हटलं, तुमच्या त्या लेखात एक चूक राहिलीय, खुलासा छापता येईल का? त्यांनी विचारलं, चूक कशावरून? म्हटलं, मला माहीत आहे. ते हसले. म्हणाले, साहेब, असं कोणाच्या सांगण्यावरून छापता येत नाही, काहीतरी आधार लागतो. मग मला होल्डवर ठेवून त्यांनी स्वतःच ज्ञानकोश उघडून बघितला. म्हणाले, अहो, इथे तर पाच-पाच संदर्भ आहेत, कोणीतरी फार कष्टाने काम केलंय.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.
मावशींकडे जाऊन आलो.
सकाळी कागदावर मुद्दे काढून नेले होते. मुद्दा पहिला: माफी. दुसरा मुद्दा काढायची गरजच वाटली नव्हती. सोबत अर्धा डझन सफरचंदं.
मावशींनी आवाजावरून ओळखलं. साहेबांचा धाकटा ना रे तू, म्हणाल्या. गुडघे गेलेत, खिडकीपाशी बसून असतात. लेकीने चहा टाकला. मी कागद काढणार, तोच त्या म्हणाल्या, बरं झालं आलास, तुला एक विचारायचं होतं.
म्हणाल्या, नातीने पेपरातलं वाचून दाखवलं, पुस्तकं साहेबांनी वाचवली म्हणून. मला मेलीला इतकी वर्षं वाटायचं की मीच नेली. चादरीची गाठ बांधत होते, जिना चढत होते, असं डोळ्यांसमोर दिसायचं बघ. गुडघे त्याच दिवशी गेले असंही सगळ्यांना सांगत सुटायचे. पण एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांनी लिहिलंय, ते काय खोटं लिहितील? माझंच डोकं फिरलं असणार. आता कोणाला सांगत नाही, लोक हसतील. तू तेव्हा लहान होतास, पण घरी काही बोलणं झालेलं आठवतं का रे तुला?
मी म्हणालो, मावशी, फार वर्षं झाली त्याला.
त्या म्हणाल्या, ते पण खरंच.
दुसरा कप चहा घेतला. बिस्किटंही खाल्ली. निघताना त्यांनी सफरचंदांसाठी दोनदा आशीर्वाद दिला.
सांगितलं नाही ते बरंच झालं असं जिना उतरताना वाटत होतं. वय झालंय, एकदम धक्का नको. घरी येईपर्यंत ते वाटणं टिकलं नाही. मी त्या बाईचे कष्ट तर घेतलेच, वर त्यांची आठवणही घेतली. कोणत्या तोंडाने आण्णांच्या फोटोकडे बघू?

२५ फेब्रुवारी, बुधवार.
ठरलं. अठ्ठावीसला मला चार शब्द बोलायचेत. भर सभेत सांगणार. माईकवरून. पाटी लागायच्या आत. याहून मोठं प्रायश्चित्त नाही. ताईला कळवलं. ती म्हणाली, मी येते, पुढच्या रांगेत बसते, बघू.
बाथरूममध्ये भाषणाचा सराव केला. हिने दार वाजवून विचारलं, कोण गेलं?
मोहिमेची प्रगती: एकूण अकरा संदर्भ, त्यातले पाच सतरा नंबरचे.

२८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ८.
हॉल भरलेला. हेडमास्तर, डेंटिस्ट, नगरपालिकेचे लोक. ताई पुढच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. मावशींना लेकीने हाताला धरून आणलं होतं. मागून तिसऱ्या रांगेत बसल्या.
हेडमास्तरांनी ओळख करून दिली. टाळ्या. मी उठलो, खिशातून कागद काढला. पहिलं वाक्य होतं, 'मला आज एक कबुली द्यायची आहे.'
ते वाचलं. सभा एकदम शांत झाली. नको इतकी शांत.
म्हणालो, कबुली ही की, मला भाषण करता येत नाही.
सगळे हसले. मग अकरा मिनिटं बोललो. विषय: भरवशाच्या संदर्भांचं महत्त्व. छापलेल्या प्रत्येक शब्दामागे माणसाची जबाबदारी असते, असंही बोलून गेलो. डेंटिस्टनी ते वाक्य लिहून घेतलं.
पाटी उघडली. टाळ्या थांबल्यावरही मागून कोणीतरी वाजवत होतं. बघितलं तर मावशी.
ताई चहाला थांबली नाही. जाताना माझ्याशी बोललीही नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१ मार्च, रविवार. सकाळी ११.
काल लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं.
कार्यक्रमानंतर खाली जिन्यापाशी मावशींनी माझा हात धरला. म्हणाल्या, छान झालं हो, साहेब असायला हवे होते. मग जरा घुटमळल्या. म्हणाल्या, तुझ्या त्या कॉम्प्युटरात साहेबांचं लिहिलंय ना, तिथे माझं नाव वगैरे नको. पण त्या दिवशी मीपण तिथे होते, एवढंच लिहिता येईल का रे? होते ना मी? तेवढं तरी खरं असेल ना?
मी म्हणालो, होतात, मावशी. नक्की होतात. उद्या सकाळीच लिहितो.
शब्द पाळला. आज १०.०५ ला, स्वतःच्या नावाने लॉग-इन करून, त्या वाक्याच्या पुढे लिहिलं: 'यावेळी ग्रंथालयाच्या सफाई कर्मचारी महिलाही तेथे होत्या.' आठ वर्षांत त्या पुराविषयी मी लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य.
१०.११ ला डेंटिस्टनी ते काढलं. कारण दिलंय: 'संदर्भ नाही.' मग मला वेगळा निरोप, नम्रपणे. कोणाची आठवण हा आधार धरता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं, आपल्या कालच्या भाषणातच ते आलंय.
नियमाने त्यांचं बरोबर आहे.
निरोपाच्या खाली 'धन्यवाद' असं बटण असतं. ते दाबलं.